खालचा थर

आमच्या लॅबमध्ये पट्ट्यांना नंबर असत, पण नंबर माझ्या लक्षात राहत नाहीत. म्हणून मी चिठ्ठीवर नावं लिहायचे: झुंबर, मंजुळा, यशोदा. सगळ्या माझ्या आत्या-मावश्या, सगळ्या हट्टी. पितांबर सर हसत. "लताबाई, प्रबंधात काय लिहू? मंजुळाबाई दोनशे अंशांना तापल्या?"

मी धुळ्यात, देवपूरच्या कॉलेजात लॅब अटेंडंट. शाळा सातवीपर्यंत, बाकीचं सरांच्या पाठीमागे उभं राहून. पट्टी म्हणजे काचेच्या तुकड्यावर धातूचे दोन थर, केसाहून कितीतरी पातळ. वरचा चुंबक. खालचाही तसाच, पण त्याचे कण एक इकडे, एक तिकडे तोंड करून बसलेले, म्हणून बाहेर काही दाखवत नाही. होकायंत्र जवळ न्या, सुई ढिम्म. पण पट्टी तापवून मोठ्या चुंबकाच्या दोन टोकांमध्ये निववली, की हाच खालचा थर वरच्याला एका दिशेला धरून ठेवतो. मग आलेखावरचा लूप, म्हणजे रेघेचा बंद वळसा, मध्यावर न बसता बाजूला सरकतो. किती सरकला, ते सर मोजत.

१९९४च्या जूनमध्ये एका पट्टीवर मी 'बेबी' लिहिलं. ती माझी मुलगी. तीन वर्षांपूर्वी त्याच तारखेला घरातून निघून गेली. "चाळीसगावनी गाडीमा बसताना मी देखी तिले," आमचे हे म्हणाले होते. आणखी कुणी पाहिलं नव्हतं. पत्र नाही, निरोप नाही.

पट्टी तापली आणि चुंबक चालू करायच्या आधीच वीज गेली. ती तशीच निवली. लूप मध्यावर यायला हवा होता. सरकलेला आला.

"पट्टीखालची तबकडी फिरवा," सर म्हणाले.

पट्टी फिरवली की तिची ओढ तिच्याबरोबर फिरते. हिची फिरेना. पट्टी कशीही ठेवा, ओढ खिडकीकडेच; पांझरा नदीपलीकडे, दक्षिणेला, किंचित पूर्वेकडे. सरांनी तीनदा तापवली, उलट्या दिशेनं निववली. पुन्हा तीच खिडकी.

"असं होत नाही."

"चाळीसगाव तिकडेच ना, सर?"

त्यांनी चिठ्ठी वाचली. मग पट्टी काढून डबीत ठेवली.

"जळगावच्या मित्राकडे यंत्र आहे. तिथं मोजतो. चाळीसगाव असेल तर तिथून नैऋत्य दाखवेल. पण लताबाई, आशा धरू नका."

मी धरली. बेबीचे दोन ड्रेस धुतले, इस्त्री केली, पिशवीत भरून ठेवले. अंगाला होतील का, याचीच काळजी.

शनिवारी सर परतले. चहा घेतला नाही. टेबलावर नकाशा पसरून त्यांनी जळगावहून रेघ ओढली. ती नैऋत्येला गेली नाही. जवळजवळ सरळ पश्चिमेला आली आणि आमच्या लॅबच्या खिडकीतून जाणाऱ्या रेघेला धुळ्यातच छेदून गेली, पांझरेच्या दक्षिण काठाला.

"एवढ्या लांबून चूक होऊ शकते," सर म्हणाले.

"हो."

शहराचा नकाशा त्यांनी वेगळा आणला होता. तो उघडला नाही, नुसता माझ्याकडे सरकवला. माझ्या गल्लीचं नाव मीच वाचलं.

घरी आले तेव्हा ऊन होतं अजून. स्वयंपाकघरातली शहाबादी फरशी ह्यांनी बेबी गेली त्या जूनमध्ये स्वतः बसवलेली. खिळा ठोकायलाही माणूस बोलावणारा गडी. "लोटनभाऊ गवंडी कधी झाले?" म्हणून शेजारच्या ताईबाईंनी थट्टाही केली होती. मीही हसले होते.

लॅबमधलं होकायंत्र पदराखाली आणलं होतं. एकेका फरशीवर ठेवलं.

सुई हलली नाही. कुठेच नाही.

त्यानं मला बरं वाटायला हवं होतं.

"काय शोधी राहिनी?" हे दारात उभे.

"सुई पडली."

ते माठाकडे निघाले. दारापासून माठ सरळ चार पावलं. ते भिंतीला पाठ घासत गेले, शेगडीजवळची एक फरशी टाळून. पाणी प्यायले. तसेच परतले.

मी उठले. पेला उचलून ठेवायला म्हणून माठाकडे गेले.

माझी पाठ भिंतीला घासली.

तिथल्या चुन्यावर खांद्याच्या उंचीला दोन काळपट पट्टे आहेत. एक ह्यांच्या उंचीचा. एक माझ्या.