शिरवेळच्या पाण्याखालचं कुरण

पडद्यावर नकाशा उघडला आणि मैथिली खुर्चीतून उठलीच. शिरवेळची अख्खी खाडी हिरवीगार! हिरवा रंग म्हणजे समुद्रगवत. काठालगत हिरवं, मधोमध हिरवं आणि कहर म्हणजे सिमेंटचा धक्काही हिरवा. काल खाडीत फिरून गवताच्या नोंदी तर तिनेच केल्या होत्या. मग हे असं झालं कसं?

"उज्ज्वला, ह्या काय गो?" बाबा मागून आत्यावर ओरडले. "धक्क्यार गवत उगावला? उद्या सभेत ह्यो नकाशो दाखवलंस, तर आमी रापण खंय ओढूची?"

बाबांचं चिडणं रास्तच होतं. रापण (किनाऱ्यावरून माणसांनी ओढून आणायचं लांबलचक जाळं) म्हणजे त्यांचा जीव की प्राण. पण रापणीचा खालचा दोर तळ खरवडत येतो आणि गवत मुळासकट उपटतो. म्हणून गावातल्या मच्छीमारांनी ठरवलं होतं, उपग्रहाच्या नकाशात गवत दिसेल तिथे रापण बंद. आता खाडी सगळी हिरवी, म्हणजे रापण सगळीकडेच बंद.

उज्ज्वलाआत्या ही बाबांची धाकटी बहीण. याच वाळूत वाढलेली, आता उपग्रहांच्या चित्रांवरून समुद्राचा अभ्यास करणारी. शास्त्राचं बोलायला लागली की तिची मालवणी कुठल्या कुठे पळायची.

"मैथिली, उपग्रहाला गवत दिसत नाही," ती म्हणाली. "त्याला दिसतो फक्त पाण्यातून परत आलेला उजेड. तो खाडीचे बारीक चौकोन पाडतो. अशा एका चौकोनाला चित्रकण (चित्राचा सर्वांत लहान तुकडा) म्हणतात. एकेका चित्रकणातून निळा, हिरवा, तांबडा उजेड किती परत आला, एवढंच तो मोजतो. त्यात पाणी मोठं लबाड! तांबडा उजेड ते वरच्यावर गिळून टाकतं. निळा आणि हिरवा त्याहून खोल जातात. मग वरून बघितलं तर गवतही काळपट, खडकही काळपट आणि खोल खड्डाही काळपट."

"मगे संगणकाक कळता कसा?" मैथिलीने विचारलं.

"आपण शिकवल्यावर. म्हणून तर प्रत्यक्ष पडताळणी (जागेवर जाऊन तपासणं) करायची. इथे गवत, तिथे रेती, असं आपण सांगायचं. तो त्या त्या जागचा उजेड ताडून बघतो आणि मग आपण न बघितलेल्या जागाही ओळखतो. काल तू रेतीच्या नोंदी किती केल्यास?"

मैथिलीने खाली बघितलं. "एकपण नाय. थंय कायच नव्हता. कायच नाय, त्येची नोंद कित्याक करू?"

आत्या हसली. "आपल्या घरातल्या छोट्या अंशूला मांजर दाखवून 'माऊ' शिकवलं, तेव्हा काय झालं?"

"तो बकऱ्याकपण माऊ म्हणाक लागलो. मगे बाबांकपण."

"कारण 'ही माऊ नाही' असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. संगणकाचंही तेच झालंय. 'हे गवत नाही' हेसुद्धा त्याला शिकवावं लागतं."

बाबांच्या कपाळावरची आठी काही गेली नाही. पण माऊचं ऐकून त्यांना हसू आलं होतं, ते त्यांनी मिशीत लपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीला मैथिली बुडबुडला घेऊन पुन्हा पाण्यात उतरली. बुडबुड हा घमेल्याएवढा तरंगता यंत्रमानव. मैथिली डोळ्यांवर काच लावून पाण्यात तोंड घालायची, खाली काय आहे ते सांगायची आणि बुडबुड त्या जागेसह त्याची नोंद करायचा.

"रेती," मैथिली सांगायची. "खडक. चिखल. इथे नुसतं खोल पाणी." परवा कंटाळवाण्या वाटलेल्या जागा आज तिने एकेक करून पालथ्या घातल्या. सगळ्यात शेवटी ती बाबांच्या रापणीच्या पट्ट्यात आली. तिथे रेतीच असणार हे गावातलं पोरसुद्धा सांगेल, म्हणून परवा ती तिकडे फिरकलीच नव्हती.

तिने तोंड पाण्यात घातलं. खाली गवत होतं! विरळ, मधूनमधून उपटलेलं, पण जिवंत. शेवाळ नव्हे, खरं गवत. मुळं असलेलं, फुलं येणारं. त्याच्या पात्यांत माशांची बोटाएवढी पिल्लं लपंडाव खेळत होती.

"नोंद काय करू?" बुडबुडने विचारलं. "माझ्या भिंगावर गाळ बसला आहे. मला दिसत नाही. तू सांगशील ते लिहीन."

मैथिलीने किनाऱ्याकडे बघितलं. बाबा जाळं विणत बसले होते. 'रेती' म्हटलं तर कुणाला कळणार होतं? तिला बाबांची फार दया आली आणि स्वतःची भीती वाटली, कारण तो शब्द अगदी ओठांवर येऊन बसला होता.

"गवत," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

तशीच ओल्या अंगाने ती बाबांपुढे जाऊन उभी राहिली. "बाबा, आपल्या पट्ट्यात गवत असा. मी नोंद केलंय."

बाबांनी हातातली सुई खाली ठेवली. मग जाळं बाजूला सारून उठले. "चल. माका दाखव."

या पाण्यात त्यांचा जन्म गेला होता, पण काच लावून तळ त्यांनी कधी बघितला नव्हता. त्यांनी तोंड पाण्यात घातलं ते लवकर वर काढेनात. वर आले ते बोलतच.

"मुडदुशांची पिल्ला ही. आणि मी सगळ्यांका इचारतंय, रापणीतले मुडदुशे मासे गेले खंय!"

संध्याकाळच्या सभेत नवा नकाशा लागला. खाडीचा बराचसा भाग आता रेतीच्या पिवळ्या रंगात होता. धक्काही सुटला होता. हिरवे डाग मोजकेच होते. त्यांतला एक बाबांच्या पट्ट्यात होता. कुणी काही म्हणायच्या आत बाबाच उभे राहिले.

"ह्या जागेर माझी रापण बंद. मी खडकाच्या पल्याड ओढीन." पल्याड म्हणजे लांबची चाल आणि दुप्पट कष्ट, हे सभेतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

आत्याने सांगितलं, आता किनाऱ्यावरच्या पुढच्या खाड्यांचे नकाशे करायचे. तिथलं पाणी वेगळं, तळ वेगळा, म्हणजे संगणकाला तिथे पुन्हा शिकवावं लागणार. आणि तिथल्या रापणकरांना हे पटवून कोण देणार, याची तिला काळजी होती.

"त्येंका आधी पाण्यात तोंड घालूक सांग," बाबा म्हणाले. "आणि नाय ऐकले तर माका बोलव. मी येतंय."