चौदा दिवसांची पट्टी

गोटी पुढच्या खोलीतून निघाली ती थांबायचं नाव घेईना. मधल्या दाराला उंबरा नव्हता, त्यामुळे ती आरामात स्वयंपाकघरात शिरली, ओट्याच्या कडेनं वळली आणि फरशीवर मांडी घालून बसलेल्या एका माणसाच्या हातात जाऊन विसावली. तिच्यामागोमाग वाकून आलेली बाई जागच्या जागी थबकली. घरमालकिणीशिवाय घरात कुणी नसेल, असं तिला फोनवर सांगितलं होतं.

“ही तुमची?” त्यानं विचारलं.

“कामाची आहे. द्या इकडे.”

“पडली का?”

“सोडली. जमीन कुठं कललीय ते कळतं.”

“मग… कुठं कललीय?”

“तुमच्याकडे,” ती म्हणून गेली आणि लगेच कानाच्या पाळ्या गरम झाल्या. “म्हणजे स्वयंपाकघराकडे. बोटभर.”

तो हसला, पण गोटी काही लगेच दिली नाही. उजेडाकडे धरून तिच्यातली हिरवी रेघ बघत बसला.

लोक तिला ठकठकबाई म्हणत. जुनी घरं तपासून द्यायची हा तिचा धंदा. लाकडी हातोडीनं ती भिंतीवर ठकठक करी आणि आवाजावरून गिलावा कुठं सुटलाय ते सांगे. आईचं म्हणणं, ही पोरगी माणसंही तशीच ठोकून बघते, म्हणून तर एकतिशी उलटली तरी एकटी आहे. ती मात्र नाकासमोर चालणारी. तिचा एकच नियम होता: तपासणी चालू असताना घर घेणारा समोर नको. तो इतक्या आशेनं बघतो की चांगली भलीमोठी भेगसुद्धा बारीक दिसायला लागते.

आणि नेमका घर घेणाराच ओट्यापाशी मांडी घालून बसला होता. पुस्तकं बांधणारा बाइंडर. कागद दाबायचं त्याचं लोखंडी यंत्र इथं मावेल का, याचं माप घ्यायला आला होता म्हणे. भाड्याच्या खोल्यांमधून ते जड धूड त्यानं सात वेळा हलवलं होतं. आठव्यांदा हलवायचं ते स्वतःच्याच घरात, असं त्यानं ठरवलं होतं.

घर होतं दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि मागे पत्र्याची पडवी एवढंच. रंग उडालेला, नळ गळका, पण सकाळचं ऊन थेट ओट्यापर्यंत यायचं. मोठ्या रस्त्यापासून लांब, ड्रायव्हर, शिंपी आणि कारकुनांची ही वस्ती, म्हणून त्याच्या आवाक्यातली. मालकीण निवृत्त नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची. गुडघे गेले होते, भाचीकडे राहायला जायचं होतं. कोपऱ्यावरचा बिल्डर घरासाठी टपलेलाच होता. घर पाडून तिथं चार मजले चढवायचे होते त्याला.

“याला घर आवडलंय,” सिस्टर खुर्चीतूनच म्हणाल्या. “पण तुम्ही नको म्हणालात तर हा घेणार नाही. आणि मग मला बिल्डरलाच द्यावं लागेल. तेव्हा बाई, नीट बघा.”

तिनं नीट बघितलं. मागच्या खोलीत खिडकीच्या कोपऱ्यातून वर जाणारी एक तिरकी भेग होती. ठकठकबाई त्या भेगेसमोर बराच वेळ उभी राहिली.

“जुनी आहे की अजून वाढतेय, हे नुसतं बघून नाही सांगता येत. हिच्यावर आडवी कागदाची पट्टी चिकटवायची, तारीख घालायची. चौदा दिवसांत भिंत हलली तर कागद फाटतो.”

“गोंदानं लावणार?” बाइंडर मागून म्हणाला. “दमट भिंत आहे, सुटेल. माझ्याकडे पुस्तकं चिकटवायची खळ आहे, थांबा.”

तो सायकलवरून जाऊन खळीचा डबा घेऊन आला. तिनं पट्टी धरली, त्यानं खळ लावली. अंगठ्यानं पट्टी मधून कडेकडे अशी काही हळुवार दाबली की ती भिंतीऐवजी त्याच्या हाताकडेच बघत राहिली. मग तिनं पेन्सिलीनं तारीख घातली आणि खाली सही केली.

सहाव्या दिवशी पाऊस आला. पत्रा कुठं गळतो ते बघायला पाऊसच हवा, म्हणून ती छत्री घेऊन निघाली. बाइंडर पडवीत आधीच हजर होता, खाली तीन भांडी मांडून.

“तुमचा नियम सिस्टरनी सांगितलाय,” तो म्हणाला. “पण टॉर्च कोण धरणार?”

त्यानं टॉर्च धरला. ती स्टुलावर चढली, पत्र्याच्या खिळ्यांवर खडूनं खुणा करत गेली. पाण्याचे थेंब तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होते आणि उजेड मधूनच पत्रा सोडून तिच्या चेहऱ्यावर यायचा.

“गळतंय तिकडे,” ती म्हणाली.

“हो… माझं लक्ष आहे.”

“नाहीये.”

“नाहीये,” तो कबूल झाला.

ओल्या भिंतीचा वास आणि भांड्यांतला टपटप आवाज. तिला ते बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणूनच भीतीही वाटत होती. स्टुलावरून उतरताना ती उगाच कोरडेपणानं म्हणाली, “आता पट्टी शाबूत निघाली की माझं काम संपलं. अहवाल पोस्टानं पाठवीन.”

“पोस्टानं?”

“तशीच पद्धत आहे.”

त्यानं टॉर्च बंद केला.

चौदाव्या दिवशी पट्टी मधोमध फाटलेली होती.

तिनं दोनदा बघितलं. हे घर त्याला मिळावं असं तिला फार वाटत होतं, हे तिला त्या क्षणी कळलं. पण तिनं दोन्ही तुकडे सोडवून पाकिटात घातले आणि बाहेर येऊन सिस्टर आणि बाइंडरला सांगितलं, “भेग जिवंत आहे. भिंत हलतेय. घर घेऊ नका.”

सिस्टरनी नुसती मान हलवली. “संध्याकाळी बिल्डरला निरोप देते,” त्या म्हणाल्या. बाइंडरचा चेहरा पांढराफटक पडला. तो काही बोलायला गेला, पण ती थांबली नाही. डोळे भरून आलेले कुणाला दाखवायची तिला सवय नव्हती.

दुपारी ती ऑफिसात अहवाल लिहायला बसली. पहिल्या पानाच्या पुढं हात सरकेना. तेवढ्यात दार लोटून तोच आत आला, धापा टाकत.

“सही केलीत?”

“अजून नाही.”

“करू नका. ती पट्टी… ते तुकडे आहेत?”

तिनं पाकीट पुढं सरकवलं. त्यानं तुकडे टेबलावर ठेवले आणि फाटलेल्या कडेवर बोट टेकवलं. “तुम्ही भिंत वाचता, मी कागद. भिंतीनं ओढला तर तो दोन्हीकडून ताणून तुटतो, कडा उभ्या राहतात. हे तंतू बघा, सगळे एकाच बाजूला झुकलेत. हा वरून खाली फाडलाय. हातानं.”

“कुणी?”

“मी.”

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं.

“मला वाटलं, तुम्ही नवी पट्टी लावाल,” तो खाली बघत म्हणाला. “आणखी चौदा दिवस मिळतील. नाहीतर तुम्ही पोस्टानं… एवढंच डोक्यात होतं. तुम्ही सरळ घरच नाकाराल हे सुचलंच नाही. तिथं बोलायला हवं होतं, पण सिस्टरसमोर जीभच उचलेना. मूर्खपणा झाला.”

तिला राग आला, खरा राग आला. “माझ्या सहीचा कागद फाडलात तुम्ही. मी खोटं लिहून दिलं असतं. त्या बाईचं घर पाडलं गेलं असतं.”

“हो.”

“आणि हे सगळं मला भेटायला?”

“हो,” तो पुन्हा म्हणाला. सारवासारव त्यानं केलीच नाही. “रागवा माझ्यावर. फक्त अहवाल बदला.”

“तुमच्या शब्दावर भिंत उभी राहत नाही. नवी पट्टी लावीन. सिस्टर थांबतात का ते मी विचारते. सगळं खरं सांगून. आणि चौदा दिवस तुम्ही त्या घराकडे फिरकायचं नाही.”

तो मान डोलावून निघाला. जाताना खळीची लहान डबी मात्र टेबलावर ठेवून गेला.

सिस्टर थांबल्या. सगळं ऐकून त्या इतक्या हसल्या की गुडघे धरावे लागले. “बिल्डर काही पळून जात नाही,” त्या म्हणाल्या.

त्याच्याच खळीनं तिनं नवी पट्टी लावली आणि दुसऱ्याच दिवशी ती बघायला गेली. पाचव्या दिवशी गेली, नवव्या दिवशी गेली. दर वेळी पट्टीकडे बघायला जेमतेम अर्धं मिनिट लागे आणि निघायला तास.

“तो गल्लीच्या तोंडापर्यंत येतो आणि सायकल वळवून जातो,” सिस्टरनी चहाचा कप पुढं करत एकदा सांगितलं. “तुम्ही फिरकू नको म्हणालात ना. शब्दाचा पक्का आहे हो.”

तिच्या हातातला चहा थंड होऊन गेला.

चौदाव्या दिवशी पट्टी जशीच्या तशी होती. तिनं अहवाल लिहिला: जमीन कललेली, पत्रा गळका, नळ बदलावे लागतील, भेग जुनी आणि निवांत. सही केली, पाकिटावर पत्ता घातला, तिकीटही लावलं. मग पोस्टाची पेटी ओलांडून ती सरळ त्याच्या दुकानात गेली.

तो एका जाड वहीचा कणा शिवत होता. तिला बघताच सुई हातातच राहिली.

“तिकीट लावलंय,” पाकीट घेत तो म्हणाला.

“लावलंय खरं.”

त्यानं अहवाल शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, घडी घालून खिशात ठेवला. मग विचारलं, “राग गेला?”

“अजून थोडा आहे.” ती काउंटरपाशी आली. “पण एक सांगते. काल, तेराव्या दिवशी, मी त्या पट्टीला बोट लावून उभी होते. बराच वेळ. मनात आलं, हिला जरा ओढलं तर… आणखी चौदा दिवस यायला कारण मिळेल.”

तो काउंटरवर पुढं झुकला.

“नाही ओढली,” ती म्हणाली. “पण तुम्ही का ओढलीत ते कळलं. मलाही कारण हवं होतं. मला तुम्ही आवडता.”

त्यानं सुई खाली ठेवली. हात खळीनं चिकट होते. ते पुसायलाही तो विसरला.

तिनं पिशवीत हात घालून हिरव्या रेघेची गोटी काढली आणि त्याच्या हातावर ठेवली.

“ही तर कामाची,” तो म्हणाला.

“म्हणूनच. तुमच्या नव्या घरात ठेवा. मला लागली की तिथं येऊन घेत जाईन.”

“आणि… लागते किती वेळा?”

“रोज,” ती म्हणाली.