थोरलीचं पान

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. पण मध्येच हसायचं नाही.

कारण ही गोष्ट जिच्यावर बेतली ती विजयमाला माझी मावशी. तिखटमीठ लावून बोलणं तिला कधी जमलंच नाही. मी तिला पाच-सहा वेळा तरी खोदून विचारलं असेल. प्रत्येक वेळी तिनं तेच सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडं नाही.

दिवस भाद्रपद वद्य नवमीचा. साल एकोणीसशे सहासष्ट. गाव इस्लामपूरच्या अलीकडचं, नदीकाठचं. आणि वेळ भर दुपारी बाराची.

भुतं रात्रीच येतात हे कुणी ठरवलं, देव जाणे.

विजयमाला खंडाळ्याची. त्रेसष्ट साली तिला हिंदुरावला दिली. हिंदुराव बिजवर होता. एस.टी.त कंडक्टर, कडक इस्त्रीचे खाकी कपडे आणि जिभेवर साखर. पहिली बायको चंद्राबाई आटपाडीची, माहेरीच बाळंतपणात गेली, असं त्यानं सांगितलं. खंडाळा कुठं, आटपाडी कुठं. चौकशीला जातंय कोण? बापानं जावयाची नोकरी बघितली आणि पोरगी देऊन टाकली.

हळदीच्या अंगानंच सासूनं, भामाबाईनं, तिच्या गळ्यात सवतीचा टाक बांधला. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर उभी बाई कोरलेली. आपल्याकडं रीतच आहे ही. पहिली वारली असली की दुसरीनं तिचा टाक गळ्यात वागवायचा. नवं लुगडं आलं की आधी टाकाला लावायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घास तिला दाखवायचा.

विजयमालानं हे मनापासून केलं. ती तिला थोरली म्हणायची. दळताना, भाकरी थापताना तिच्याशी बोलायची सुद्धा. संक्रांतीला पहिलं वाण थोरलीला. दिवाळीला पहिलं उटणं टाकाला.

घरात तसं बोलायला दुसरं होतं कोण?

आता नवमीचं सांगते. पितृपंधरवड्यातली ही नवमी अहेव गेलेल्या बायकांची. म्हणजे नवऱ्याच्या आधी, कपाळाला कुंकू असताना गेलेल्यांची. त्या दिवशी एका सवाष्णीला जेवायला बोलवायचं. ती जेवली म्हणजे गेलेली जेवली. त्याआधी छपराच्या पत्र्यावर घास ठेवायचा. कावळा शिवला की पोचलं.

पहिल्या वर्षी विजयमालानं घास ठेवला.

कावळा आला नाही...

शेजारच्या घरावर चार बसले होते. पलीकडं लिंबावर दोन. हिच्या पत्र्याकडं एकानंही मान वळवली नाही. तीन वाजता भामाबाईच्या सांगण्यावरून विजयमालानं दर्भाचा कावळा करून घासाला लावला आणि सगळं गाईला घातलं.

दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी पण तेच.

आणि या तीन वर्षांत विजयमालाची दोन पोरं पोटातच गेली. एक तिसऱ्या महिन्यात, एक पाचव्या.

भामाबाई तिला तोंडावर सांगायची, थोरली तुझ्यावर रुसलीय, तिचं काहीतरी राहिलंय, तीच पोरं नेतीय. हिंदुराव खाली मान घालून ऐकायचा. एकदा तर तो म्हणाला, आई सांगते तसं कर, तिला शांत कर. मग विजयमालानं सोमवार धरले. नवमीला कावळा शिवेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही असा नेम घेतला. टाक मुठीत धरून तिनं कितीदा माफी मागितली असेल. तुझी जागा घेतली गं, पण तुझ्या माणसाला अंतर देणार नाही, असं म्हणायची. रडायची.

तिला एक मात्र खटकायचं. घरात थोरलीचा एक फोटो नाही. वर्षश्राद्धाची तिथी कुणाला सांगता येत नाही. नवरा म्हणायचा बाळंतपणात गेली, सासू एकदा बोलता बोलता म्हणाली तापानं गेली. आणि नवमीच्या दिवशी सासू कधी थोरलीच्या पानाजवळ फिरकायची नाही. दिवसभर गोठ्यात जाऊन बसायची.

पण विचारणार कुणाला? तिनं गिळलं.

सहासष्ट साली तिला पुन्हा दिवस गेले होते. चौथा सरून पाचवा लागलेला. आधीचं पोर पाचव्यातच गेलं होतं, त्यामुळं तिच्या जिवाचं पाणी पाणी झालं होतं. या वर्षी कावळा शिवला नाही तर हेही जाणार, अशी तिची खात्रीच झाली होती.

पहाटे उठून तिनं सगळं एकटीनं रांधलं. तांदळाची खीर, वडे, कढी, अळूची पातळ भाजी. नवरा ड्युटीवर गेला, सासू गोठ्यात. शेजारच्या बयाबाईला सवाष्ण म्हणून सांगितलं होतं. अकराला निरोप आला, बयाबाईची लेक अडलीय, ती तिकडं गेली, यायची नाही.

ऐन वेळेला दुसरी सवाष्ण कुठून आणायची? विजयमालानं पत्र्यावर घास ठेवला, सोप्यात म्हणजे पुढच्या पडवीत केळीचं पान मांडलं आणि टाक मुठीत धरला. म्हणाली, थोरले, आता तूच ये बाई.

मागचा रहाट वाजत होता, तो थांबला. लिंबावरचे कावळे गप्प झाले.

आणि दारात कुणीतरी उभं होतं...

बाई होती. तिशीची असेल. अंगानं पार वाळलेली, पण कपाळ भरून कुंकू, हातभर हिरवा चुडा. गावातली नव्हती. विजयमालाला वाटलं, बयाबाईनंच आपल्या बदली कुणाला तरी धाडलं.

"जेवाया बोलावलंस न्हवं?" बाई म्हणाली.

विजयमालानं तांब्या घेतला, पायावर पाणी घातलं. आमच्याकडची माती काळी. त्या बाईच्या पायाला पांढरी धूळ होती, घोट्यापर्यंत. तिनं तांब्याभर पाणी ओतलं.

धूळ तशीच राहिली...

आणखी एक तांब्या ओतला. पायरी भिजली, पाय कोरडेच. विजयमालाला वाटलं, उपासानं डोळ्यांपुढं अंधारी येतीय. तिनं बाईला पानावर बसवलं.

बाई जेवायला लागली. कशी जेवली म्हणून सांगू? वर्षानुवर्षं कुणी पुढ्यात ताट सरकवलं नसेल अशी. खीर चार वेळा मागून घेतली. विजयमाला वाढत राहिली. पोटात बाळ हललं, तिथं हात ठेवून वाढत राहिली.

बाईनं मान वर केली. गळ्यातल्या टाकाकडं बघितलं.

"ह्ये कुणाचं?"

"थोरलीचं. माझ्या आधीची हुती, ती."

"कवा गेली?"

"माझ्या लग्नाआधी. बाळंतपणात."

बाईचा घास हातातच राहिला.

"त्यांनी सांगितलं?"

"व्हय."

बाईनं घास पानात परत ठेवला. मग म्हणाली, "किती वरसं बोलवतीयास तिला?"

"ह्ये चौथं."

"ऐकू यायचं गं. जेव म्हणायचीस, ऐकू यायचं. पर यायचं कसं? वाट मोकळी न्हवती. आज झाली."

विजयमालाच्या हातातून पळी पडली, तिचाही आवाज झाला नाही...

बाईनं डावा हात पुढं केला आणि विजयमालाच्या पोटावर ठेवला. बर्फागत गार हात. पण मावशी सांगायची, मला भ्या वाटलं न्हाई, आईनं हात ठेवल्यागत वाटलं.

"ती दोन पोरं माझ्या माथी मारू नगंस," बाई म्हणाली. "मी तुझं कायबी केलं न्हाई. ज्यांनी तुला-मला फसवलं त्ये तुझ्या घरात जेवत्यात."

विजयमाला ओटीचं सूप आणायला म्हणून आत वळली. दोन पावलं गेली असेल नसेल. परत आली तर...

सोपा रिकामा.

पान जसंच्या तसं भरलेलं. खिरीवर साय धरलेली. वड्याला बोट लागलेलं नाही.

आणि पत्र्यावर कावळ्यांचा नुसता कालवा. चार वर्षांत पहिल्यांदा. घासाचं शीत उरलं नव्हतं.

आवाज ऐकून भामाबाई गोठ्यातून धावत आली. पत्र्याकडं बघितलं आणि तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. सुनेला वाटलं, कावळा शिवला म्हणून सासूला भरून आलं. पण सासूच्या तोंडून निघालं ते असं...

"म्हंजी... गेली म्हणायची आता."

आता?

सासूनं दातांखाली जीभ धरली, पण शब्द सुटून गेला होता.

संध्याकाळी हिंदुराव आला. विजयमालानं पाय धुवायला पाणी दिलं आणि सरळ विचारलं, थोरली कवा गेली? तो न अडखळता म्हणाला, सांगितलंय न्हवं, बाळंतपणात. तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला. मावशी सांगायची, त्या बाईच्या हातानं अंग गार पडलं नाही, त्याच्या या उत्तरानं पडलं.

तिनं ताट वाढलं. तो बसला. पहिला घास घेणार तोच थांबला.

"ह्ये कुणी खाल्लं?"

भाताच्या मुदीत बोटं उमटली होती... तीन बोटं आणि अंगठा.

तिनं ताट उचललं, दुसरं वाढलं. आपल्या हातानं, त्याच्या देखत. जमिनीवर टेकवलं तर त्यातही बोटं. त्या रात्री तो पाणी पिऊन झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं आटपाडीचा एक माणूस आला. नाथाजी, चंद्राबाईचा भाऊ. डोक्यावर टॉवेल, डोळे सुजलेले, पायाला तीच पांढरी धूळ. तो मेव्हण्याला सुतक सांगायला आला होता. चंद्राबाई नवमीला पहाटे गेली.

नवमीला. काल.

आणि दारात त्याला दिसली पाच महिन्यांची पोटुशी बाई, गळ्यात टाक.

हा टाक कुणाचा, असं त्यानं विचारलं; चंद्राबाईचा, ती म्हणाली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. चंद्राबाईला लग्नानंतर वर्षातच छातीचा रोग झाला. हवापालट म्हणून हिंदुरावनं तिला माहेरी नेऊन सोडलं. तेव्हा त्याची ड्युटी आटपाडीच्या गाडीवर होती. ती रोज स्टँडवर येऊन उभी राहायची. बरी झालीस की नेतो, असं तो खिडकीतनं सांगायचा. मग त्यानं रूट बदलून घेतला. ती पुढं चार वर्षं त्या गाडीला येत राहिली. इकडं गावात त्यानं सांगून टाकलं, माहेरीच वारली. जिती असताना दुसरी केली असती तर नोकरी गेली असती, आणि सवतीवर पोरगी दिली कुणी असती? म्हणून आईनं आणि लेकानं मिळून जित्या बाईचा टाक घडवला. त्या जित्या बाईला शांत करायला ही उपाशी राहिली, दोन पोरांचा दोष तिला देत राहिली. आणि दोघं हे रोज बघत होती.

नाथाजी जाताना म्हणाला, "एक कळंना बघा. चार दिस तिनं पाण्याचा घोट गिळला न्हवता. पर दुपारी मळवट भराय घेतली, तवा उजव्या हाताला खीर लागलेली. आमच्यात तर त्या दिशी चूल बी पेटली न्हवती."

विजयमालानं कालपासून तशीच राहिलेली ओटी, खण-नारळ, नाथाजीच्या हातात दिली. तिच्या राखेवर ठेवा म्हणाली. मग ती हिंदुरावापुढं जाऊन उभी राहिली. गळ्यातला टाक काढला आणि त्याच्या गळ्यात बांधला.

"तुमची बायकू हाय. तुमी वागवा."

तिनं घर सोडलं नाही. जाणार कुठं होती पोटुशी बाई? माघात तिला मुलगी झाली, धडधाकट. नाव चंद्रा ठेवलं, सासूच्या नाकावर टिच्चून. पण हिंदुरावशी ती पुन्हा मनापासून बोलली नाही. तोही टाक काढू शकला नाही. काढला की म्हणे छातीत कळ यायची. खाकी शर्टाच्या आत तो वागवायचा. आणि ताटाचं तर शेवटपर्यंत तेच. जिथं जेवेल तिथं म्हणायचा, ह्ये उष्टं हाय. वाळत वाळत तीन वर्षांनी गेला. डॉक्टरांना रोग सापडला नाही.

थोरलीच्या पानाला त्यानंतर कावळा कधी चुकला नाही. विजयमालानं घास ठेवायच्या आधीच येऊन बसायचा.

पण हिंदुरावच्या घासाला...

दरसाल सर्वपित्रीला पत्र्यावर त्याचा घास ठेवतात. अजूनही ठेवतात. एकदाही शिवलेला नाही. दर्भाचा कावळा करतात आणि गाईला घालतात. गाय पण तोंड लावत नाही, हे मी स्वतः बघितलंय.

थोरली जिती होती तोवर तिचा घास शिवला नव्हता. मग याचा का शिवत नाही? याला तर आम्ही सगळ्यांच्या देखत जाळलाय.

मी हे एकदा मावशीला विचारलं. ती पान मांडत होती. दाराकडं बघत म्हणाली, "वाट मोकळी झाली न्हाई त्याची." आणि खीर वाढायला वळली.

तो टाक आता चंद्राच्या देव्हाऱ्यात आहे. मी तिच्याकडं जाते, राहते, हळदीकुंकू घेते. पण जेवायला बसताना ताट आधी नीट बघून घेते.