पेपर होईपर्यंत सांगायचं नाही

मी कीर्तनात बसणारी बाई आहे. यातलं एक अक्षर जरी पदरचं असलं, तर उद्या टाळकऱ्यांच्या मागं बसायला मला तोंड उरणार नाही.

साल २०१३. ऐन उन्हाळा. ठिकाण लातूर, ट्यूशन एरियातलं एक मुलींचं होस्टेल.

त्या वर्षी मी एका संस्थेसाठी रत्नागिरीकडच्या किनाऱ्यावर मासळीच्या कारखान्यांची पाहणी करत होते. हंगामात तिथं कोण कामाला येतं, कुठून येतं, कसं राहतं, हे विचारत फिरायचं. आपल्या मराठवाड्यातल्या बायाही भेटायच्या.

सिंधु त्यातलीच. निलंग्याकडची. दिवसभर बर्फात हात घालून कोळंबी सोलायची.

मी उदगीरची आहे कळल्यावर तिनं मला बहीणच करून टाकलं. म्हणायची, "ताई, कीर्तनातलं कायतरी सांगा. हात गारठले, कान तरी ऊबंला राहू द्या."

मी सांगायचे. बाया हसायच्या, मधेच डोळे पुसायच्या आणि हात मात्र चालूच.

तिची एकुलती एक पुनम लातूरला होती. बारावी झाली होती, मेडिकलच्या परीक्षेची तयारी चालली होती. सिंधु समुद्रावर राबत होती ती तिच्यासाठीच.

आणि परीक्षा महिन्यावर आली असताना...

सिंधु गेली.

कारखान्यात बर्फासाठी वापरायचा गॅस गळला. मी तिच्या देहासोबत गाडीतून गावी आले.

तिचा नवरा भुजंग रडला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, पोरीला कळू द्यायचं न्हाई. पेपर होईपर्यंत न्हाई. तिनं ह्याच्यासाठीच जीव घातला."

भावकी म्हणाली, बरोबर आहे. मीही मान हलवली.

पोरीविना सिंधुला अग्नी दिला.

पुनमला फोनवर सांगितलं, आईचा मोबाईल पाण्यात पडलाय, हंगाम संपला की येईल.

पण एक गोष्ट भुजंगला खायला लागली. पोरगी रोज फोनवर आधी आईचं विचारायची, मग बाकीचं. आता...

विचारतच नव्हती.

एकदाही नाही.

शेवटी त्यानं मलाच पाठवलं. आईचा निरोप आणलाय म्हणा, म्हणाला.

मी दिवेलागणीला होस्टेलवर पोचले. मालकीण लक्ष्मम्मा दारातच उभ्या. पक्क्या शाकाहारी. मला बघितलं आणि सुरूच झाल्या.

"तुमी पुनमच्या मावशी ना? मग तुमीच इचारा तिला. कोण्यातरी पोरीनं सुकट लपवून ठिवलीय. ट्रंका उघडल्या, गाद्या झाडल्या, घावंना झालीय. मी पूजेला बसले की देवसुदा नाक मुरडून राहिलेत."

मला हसू आलं. जिना चढले...

आणि हसू गेलं.

सुकट नव्हती ती. तो ओल्या कोळंबीचा वास होता. बर्फाचा, खाऱ्या पाण्याचा, त्या कारखान्यातल्या फरशीचा.

लातूरला समुद्र कुठला?

पुनम खोलीत एकटीच होती. भिंतीपासून दूर, खाली बसलेली. मांडीवर पुस्तक, केस मोकळे.

मी खाटेवर टेकले. निरोप सांगितला. आई बरी आहे, नीट अभ्यास कर म्हणाली.

"हाव मावशी," ती म्हणाली.

मान वर केली नाही.

तेवढ्यात लाइट गेली.

पंखा फिरत फिरत थांबला. सगळ्या होस्टेलात पोरींचा गलका झाला, मग तोही विरला. खोलीत मिट्ट काळोख.

माझ्या पायांना गारवा लागला. उन्हाळ्यात... गारवा.

मग आवाज आला.

खर्र... खर्र...

केसांतून कंगवा फिरावा तसा. हळूहळू. मायेनं.

मला वाटलं, पोरगी केस विंचरतेय.

टप्...

पाण्याचा थेंब.

टप्...

"पुनम?" मी हाक मारली.

कंगवा थांबला.

मग पुन्हा... खर्र...

लाइट आली.

पुनमचे दोन्ही हात पुस्तकावर होते. एक बोट ओळीवर ठेवलेलं, तसंच.

आणि पाठीवर घट्ट वेणी.

वेणीच्या शेवटातून पाणी ठिबकत होतं. मागची फरशी ओली. कंगवा त्या ओल्यात पडलेला.

मी पाय खाटेवर ओढून घेतले.

पुनमनं पान उलटलं. म्हणाली, "मावशी, चहा घेता का?"

भुजंगला मी एवढंच सांगितलं, की पोरगी अभ्यास करतेय.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघं केंद्राबाहेर थांबलो. पेपर सुटला, तिला लिंबाखाली नेलं. भुजंगनं कितीतरी दिवस शब्द जुळवून ठेवले होते. "पुनम, तुझी आई..." एवढंच बोलला आणि लहान लेकरासारखा रडायला लागला.

पुनमनं ओढणीनं त्याचं तोंड पुसलं.

"बाबा, मला म्हाईत हाय."

"कुणी सांगितलं?"

"आईनंच. गेली त्याच दिशी आली ती. म्हणली, तुला कळलंय हे बाबाला कळू देऊ नको. तू रडलीस तर त्यो मोडंल. पेपर होईपर्यंत सांगायचं न्हाई."

मी मनाला समजावलं, पोरीनं वर्तमानपत्रात बातमी वाचली असेल.

पण पुनम पुढं बोलली.

"आई म्हणली, धडाम्‌दिशी आवाज झाला, फरशी हालली. मला किल्लारीवानीच वाटलं, माय. म्हणून मी बाहेर पळाले."

मी तिथंच खाली बसले.

किल्लारीच्या भूकंपात सिंधु आताच्या पुनमपेक्षाही लहान होती. अंगणात पळाली म्हणून वाचली. माहेरचं बाकी कोणी वाचलं नाही. तेव्हापासून जमीन जरा हादरली की तिचे पाय आपोआप बाहेर धावायचे.

कारखान्यात मात्र गॅसची टाकी बाहेर फुटली होती. कोकणातल्या बाया दार लावून आत थांबल्या, त्या जगल्या. सिंधु एकटीच बाहेर पळाली.

त्या बायांनी हे मला रडत सांगितलं होतं. मी गावात कोणालाच सांगितलं नव्हतं. भुजंगलासुद्धा नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

भुजंग हळूच म्हणाला, "माझ्याकडं का न्हाई आली ती?"

पुनमनं त्याचा हात धरला आणि रिक्षापाशी नेलं.

आधी मी बसले. मग पुनम. ती मला चिकटून बसली, आणि तिच्या पलीकडं...

एका माणसाची जागा सोडली.

भुजंगनं त्या जागेकडं बघितलं. मग लेकीकडं. तो अगदी कडेला टेकला. अर्धं अंग बाहेर.

रिक्षावाला म्हणाला, "काका, पडताल की. आत सरका, मोकळी हाय जागा."

भुजंगनं दांडा घट्ट धरला.

"न्हाई," तो म्हणाला. "बसलीय ती."

रस्ताभर मी तिकडं मान वळवली नाही. डोळे मिटून देवाचं नाव घेत राहिले. तिनं आता सुखानं जावं म्हणून घेत होते, की अजून थोडा वेळ थांबावं म्हणून...

ते मला आजही सांगता येत नाही.