सुट्टीच्या दिवशीची ड्युटी

ही माझ्या सख्ख्या ताईची हकिगत आहे. एक अक्षर वाढवून सांगत नाहीये. उलट थोडं गाळलंय, कारण सगळं सांगायचं तर माझीच जीभ अडखळते.

ताई आयसीयूत सिस्टर होती. स्टाफवर कामाचा ताण किती, हे मोजायला तिथे मानसशास्त्राच्या एक मॅडम आल्या. त्यांनी प्रत्येकीच्या मनगटावर घड्याळासारखा पट्टा बांधला. नाडी, झोप, चालणं... सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर दिसायचं.

"मोजल्यावर कमी होतो का हो?" ताईने विचारलं. सगळ्या खो-खो हसल्या.

आठवड्याने मॅडमनी तिला बाजूला घेतलं.

"सिस्टर, सुट्टीच्या दिवशीही येता?"

"छे! रविवारी दुपारभर मेल्यासारखी झोपले होते."

"पट्टा म्हणतोय, तुम्ही धावत होतात."

मशीन बिघडलं असेल, म्हणून पट्टा बदलला.

पुढच्या सुट्टीला ताई जेवून आडवी झाली. भावोजी शेजारी पेपर वाचत होते. लख्ख ऊन होतं.

ताईचा फोन वाजला, भावोजींनी उचलला. आयसीयूतली ज्युनिअर सिस्टर होती.

"ताईंना थँक्यू सांगा हं. आत्ता धावत आल्या म्हणून पेशंट वाचला. काही न बोलताच निघून गेल्या..."

भावोजींनी पलंगाकडे पाहिलं.

ताई तिथेच होती.

छाती मात्र हलत नव्हती...

त्यांनी नाकाशी बोट धरलं.

श्वास नव्हता.

त्यांनी तिला गदागदा हलवलं. बुडता माणूस वर यावा तशी ती धापा टाकत उठली. तिच्या बोटांवर हातमोज्यांची पांढरी पावडर होती...

दुसऱ्या दिवशी ती रडतच इन्चार्ज सिस्टरांकडे गेली. ऐकून त्या दचकल्यासुद्धा नाहीत.

"कळलं का तुला शेवटी?" त्या हळूच म्हणाल्या. "कधीपासून येतेय. बोलत नाही, चहाला जात नाही, दमत नाही. माणसं किती कमी आहेत, बघतेस ना? येऊ दे गं तिला."

तिला!

ताईने त्याच दिवशी राजीनामा दिला. पट्टा परत केला.

काही उपयोग झाला नाही. ती दिवसेंदिवस वाळत चाललीये. डॉक्टर म्हणतात, आराम करा. आम्ही तर तिला दुपारी डोळासुद्धा मिटू देत नाही.

काल मी तिच्याकडे गेले होते. खिडकीशी बसून गप्पा मारत होतो. भाचीचं काहीतरी सांगता सांगता ती मध्येच थांबली.

डोळे उघडे...

श्वास बंद...

"ताई! अगं ताई!"

बऱ्याच वेळाने तिने श्वास घेतला. माझ्याकडे पाहिलं, पण ओळख पटायला वेळ लागला.

"गेली गं," ती म्हणाली. "कोपऱ्यातल्या बेडवरची मुलगी. खूप प्रयत्न केले आम्ही."

मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

खरंच कुणी गेलं का, हे हॉस्पिटलला फोन करून विचारता आलं असतं.

मी नंबर काढला होता. लावला नाही.

अजूनही लावलेला नाही.