ओफोरीचा आवाज घरी न्या

घानातल्या कुमासी शहरातल्या घरी डुफी दुपारची कामाला बसली. काम तसं साधंच. तिचा धाकटा भाऊ ओफोरी युरोपला निघालेल्या होडीसकट समुद्रात बुडाला, तो सापडलाच नाही. देहाशिवायच अंत्यविधी उरकावा लागला. परदेशातल्या नातेवाइकांसाठी डुफीने त्याच्या नावाची वेबसाइट केली आणि तिच्यावर त्याचा शेवटचा आवाज ठेवला. पण बटण दाबलं की आवाज तिथल्या तिथे वाजायचा नि संपायचा.

आईला ते पटेना. "विधीला आलेल्यांना आपण पोराचा फोटो छापलेले रुमाल दिले, कप दिले. आणि या वेबसाइटवरून माणसं हात हलवत परत जातात? काहीतरी घरी नेऊ दे की गं!"

डुफीने लिंकमध्ये डाउनलोडचा तेवढा एक शब्द घातला. आता फाइल ज्याच्या त्याच्या फोनमध्ये उतरणार होती. बटणावर तिने लिहिलं, 'ओफोरीचा आवाज घरी न्या.' लिहितानाच तिला रडू फुटलं.

फाइलमध्ये फार काही नव्हतंच. दारात उभा राहून तो द्यायचा तशी लाडिक हाक, "अगोऽ!" म्हणजे येऊ का आत? आणि अगो ऐकलं की इथल्या कुणाच्याही तोंडून आपसूक "आमे" निघतं. म्हणजे ये.

दिवेलागणीला वीज गेली. डुफी कंदील लावते तोच हॅम्बर्गच्या मावशीचा फोन आला. एरवी तिचा आवाज चार घरं ऐकायची, आज कुजबुजत होती.

"डुफी... त्याची हाक उतरवून ऐकली नि मी आमे म्हणाले गं. सवयीनं. आणि आत कुणीतरी चाललं..."

"मावशी, भास असेल."

"खारट वास येतोय घरभर. त्यानं एकेका खोलीत पाहिलं... म्हणाला, आई इथे नाही. आणि गेला."

आई दाराशी उभी राहून ऐकत होती. "दुसऱ्यांची घरं शोधत फिरतोय माझा लेक," ती म्हणाली. "इथे उतरव त्याला."

डुफीने मावशीचा फोन ठेवून वेबसाइट उघडली. भीती होतीच, पण त्याहून मोठी ओढ होती. तिने बटण दाबलं.

"अगोऽ..."

हाक फोनमधून आली नाही. दारातून आली.

"आमे, बाळा! आमे!" आई दाराकडे धावली.

दार करकरत उघडलं. समुद्रापासून इतक्या दूरच्या त्या घरात ओल्या मिठाचा वास भरला. दिसत कुणीच नव्हतं. पण आईचे दोन्ही तळवे हवेत कुणाचे तरी गाल धरून होते. "किती गार पडलायस रे," ती म्हणाली आणि हमसून हमसून रडू लागली.

डुफीच्या कानाशी कुजबुज झाली. "ताई... दार लाव. होडीतले सगळे माझ्यामागून आलेत..."

अंगणातून अनोळखी, कोवळे आवाज येऊ लागले. "अगो... अगोऽ... अगो..."

डुफी कडीकडे झेपावली. आईने तिचं मनगट घट्ट धरलं.

"त्यांच्याही आया वाट बघत असतील गं," ती म्हणाली, आणि रिकाम्या अंगणाकडे तोंड करून तिने साद दिली, "आमे."