लियानेसच्या झाडाची निळी फांदी

एप्रिलमधला बारीक पाऊस भुरभुरत होता, आणि मारित लियानेस ही चर्चच्या आवारात बसून एका कबरीचा दगड ब्रशने घासत त्यावर झारीने पाणी ओतत होती.

"वरून पडतंय तेवढं पुरत नाही का?" पाठीमागून कुणीतरी विचारलं.

"दगड नीट भिजला की अक्षरं उठून दिसतात," मान न वळवताच ती म्हणाली. "फोटो काढायचाय. आमच्या वंशावळीच्या पानासाठी."

"काढा की. पण ब्रश जरा हळू... माझे पणजोबा आहेत ते."

आता मात्र तिने वळून पाहिलं. भिजलेली टोपी, आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू. निल्स लियानेसचा पणतू म्हणजे... "तुम्ही आस्लाक. बेर्गनला होड्या दुरुस्त करता."

"तुमच्या पानावर तर माझ्या नावापुढे नुसतं 'हयात' लिहिलंय."

"जिवंत माणसांची माहिती आम्ही उघड दाखवत नाही. तसा नियम आहे."

"हं... पण हयात आहे की नाही, याची खात्री करायला कुणी आलं नाही. म्हटलं, आपणच जावं."

मारितला हसू आवरेना. त्या गडबडीत उरलेलं पाणी तिच्या हातून त्याच्या बुटांवर सांडलं.

ती गावच्या औषधांच्या दुकानात काम करायची. डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, फियोर्डच्या काठी संध्याकाळी दुसरा उद्योग तो काय असणार? पाच वर्षं संध्याकाळच्या संध्याकाळ तिने चर्चची जुनी दप्तरं संगणकावर धुंडाळली होती. चौदाशे बारा माणसं वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरून सगळं झाड इंटरनेटवर मांडलं होतं, आणि वर ठसक्यात लिहिलं होतं : 'इथली प्रत्येक ओळ मूळ नोंदीवरून तपासली आहे.' झाडाला दोन मोठ्या फांद्या होत्या. तिच्या पणजोबांची, क्नूटची, हिरवी. आणि त्यांचा धाकटा भाऊ निल्स याची निळी. हिरवीला पालवीच पालवी. निळीच्या टोकाला जिवंत असा एकटा आस्लाक उरला होता. आईबाप गेलेले, भावंडं नाहीत. पणजोबा भाऊ-भाऊ, म्हणजे नातं इतकं लांबचं की तिकडे अशांची लग्नंही होतात आणि कुणी भुवई उंचावत नाही.

जूनमध्ये साऱ्या लियानेस मंडळींचा मेळावा ठरला होता. त्याच्या तयारीच्या निमित्ताने आस्लाक दर रविवारी फेरीबोटीने यायला लागला. तो छापील झाडासाठी लाकडी चौकट करायचा आणि ती त्याच्यासाठी वॅफल भाजायची. त्यांवर तपकिरी चीज मात्र तो इतकं घालायचा की ती म्हणायची, "चीजबरोबर थोडं वॅफलही खात जा." सफरचंदाच्या बागा फुलल्या, झडल्या. "एवढी माणसं आपली आहेत, हे बघायला बरं वाटतं," एकदा तो तक्त्यावरून बोट फिरवत म्हणाला. मारित त्या बोटाकडेच पाहत राहिली. प्रेमात पडली होती ती, आणि चांगलीच.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी गुडवेग आत्याचा फोन आला. निल्सच्या लग्नाचं साल हवं होतं. मारितने दप्तर उघडलं आणि नोंद पुन्हा पुन्हा वाचली. क्नूटचा भाऊ निल्स दोन वर्षांचा असतानाच वारला होता. लग्न झालेला निल्स वेगळाच. तो दूरच्या वाल्द्रेस भागातून कूळ म्हणून आलेला, लियानेसच्या शेतावर राहिला आणि त्याने शेताचं नाव लावलं. तिकडे रीतच तशी. शेत बदललं की माणसाचं आडनावही बदलायचं. शाळेतल्या पोरालाही हे ठाऊक असतं, आणि हिने नावाला नाव जोडून भाऊ करून टाकले होते. इंटरनेटवरच्या सतरा जणांनी ती चूक आपापल्या पानांवर उतरवूनही घेतली होती. पण तिला रडू आलं ते पानासाठी नाही. ओळ पुसली की आस्लाकचं इथं कुणीच उरणार नव्हतं. मग तो कशाला येईल?

शनिवारी सकाळी सभागृहात तो खुर्च्या मांडत होता.

"आस्लाक, एक सांगायचंय... निल्स—"

"वाल्द्रेसचा होता," तो हळूच म्हणाला. "आजोबा सांगायचे."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. चूक दाखवायलाच आलो होतो. पण माझ्या माणसाचा दगड तू इतक्या मायेने धूत होतीस... सांगितलं असतं तर आभार मानून ओळ पुसली असतीस. मग पुढच्या रविवारी काय निमित्त सांगून आलो असतो?"

"गाढवा, चार मीटरचा तक्ता छापलाय मी."

"माहितीये. चौकट मीच केली." तो हसला, आणि लगेच गंभीर झाला. "आजचा दिवस राहू दे, मारित. उद्या पूस. एकदा तरी... सगळ्यांत बसू दे मला."

ती उत्तर देणार तोच दारात गाड्या लागल्या.

शहाऐंशी माणसं आली. टेबलं फांदीप्रमाणे मांडलेली, छातीवर हिरवे बिल्ले. निळं टेबल एकच, त्यावर निळा बिल्ला लावून आस्लाक एकटाच, पण मोठ्या ऐटीत बसलेला. मारित बोलायला उभी राहिली. पानाच्या माथ्यावर स्वतः लिहिलेली ती ओळ मागच्या पडद्यावर झळकत होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि खरं ते सांगून टाकलं. चूक माझी, निळी फांदी आपली नाही, म्हणाली.

आस्लाकने खाली बघत बिल्ला काढला, ताटाशेजारी ठेवला आणि तो उठला.

"म्हणजे इतके दिवस राबवून घेतलेला हा पोरगा आपला कुणीच नाही?" गुडवेग आत्याने खणखणीत आवाजात विचारलं. "मग याला बसवायचं तरी कुठे?"

मारितचे कान तापले. पण आता मागे फिरणं नव्हतं.

"तो आपला नाही, आत्या. माझा आहे." मग आवाज बारीक झाला. "म्हणजे... त्याची हरकत नसेल तर."

आस्लाक दारापाशी थांबला. शहाऐंशी माना त्याच्याकडे वळल्या. त्याने नुसती मान हलवली, नाही म्हणून. नाही, हरकत नाही. ते मारितला बरोबर कळलं.

आत्याने लेफ्सेच्या पातळ पोळ्यांचं ताट बाजूला सारलं आणि सबंध हिरव्या रांगेला एकेक खुर्ची सरकायला लावलं. आस्लाक येऊन मारितच्या शेजारी बसला. टेबलाखाली त्याने तिचा हात धरला, आणि सगळी जेवायला लागली तरी सोडला नाही.